रोबोकॉन टीमची कॅप्टन झालेय, तीस जणांत काम चारच जण करतात, काय करू?

तुझा प्रश्न मला असा कळला: कोल्हापूरकडच्या कॉलेजात टीवायला आहेस, मेकॅनिकल, नुकतीच रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबो बनवायच्या स्पर्धेच्या, टीमची कॅप्टन झालीस, ग्रुपवर तीस जण आहेत पण लॅबमध्ये तेच ते चार चेहरे दिसतात, सीनियर्स प्लेसमेंटमध्ये अडकलेत, आणि आता "पोरांना मोटिव्हेट कसं करू, कडक वागू की गोडीने घेऊ" हे तुला हवंय. शिवाय सीजीपीए पडेल का अशी भीती पण आहे, त्यावर शेवटी येते.

माझं थोडं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, बालेवाडीला नॅशनल्स व्हायचे त्या काळात याच स्पर्धेत होते, कॅप्टनगिरी पण केली, आता चाकणला ऑटोमेशनमध्ये नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी एका कॉलेजच्या टीमला मदत. मी बघितलेल्या टीम सगळ्या साधारण एकाच प्रकारच्या, म्हणजे पैसे बेताचे, वर्कशॉप संध्याकाळी बंद, सर चांगले पण त्यांच्यामागे नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. ज्यांच्याकडे स्वतःचं सीएनसी मशीन आणि तगडा स्पॉन्सर आहे त्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही. तुझी टीम किती जुनी आहे, लॅबची किल्ली कोणाकडे असते, यावर पण बरंच अवलंबून आहे, त्यामुळे जे पटेल ते घे.

तर पहिली गोष्ट, मोटिव्हेशन हा तुझा प्रॉब्लेम आहे असं मला वाटत नाही. तीस जणांनी स्वतःहून फॉर्म भरला, इंटरव्ह्यू दिला, टीशर्टचे पैसे दिले, म्हणजे इच्छा होतीच ना. मग महिन्याभरात ती माणसं जातात कुठे? मी पाहिलंय त्यात कारण बहुतेक वेळा एकच निघतं, त्यांना करण्यासारखं काम मिळतच नाही. लग्नघरात बघ, पन्नास पाहुणे "काही काम असलं तर सांगा हं" म्हणत खुर्च्यांवर बसलेले असतात आणि आत दोन काकू घामाघूम होऊन पुऱ्या लाटत असतात, काकूंना वाटतं कोणी हलत नाही, पाहुण्यांना वाटतं आपल्याला कोणी विचारत नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

एफवायचा पोरगा लॅबमध्ये येतो, चार सीनियर एका लॅपटॉपभोवती कोंडाळं करून उभे, सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गोल गोल फिरतंय, तो मागे तासभर उभा राहतो, कोणीतरी त्याला पट्टी धरायला सांगतं नाहीतर खालून एम-फाइव्हचे नट आणायला पाठवतं, दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी तो येत नाही. आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरांत डेडिकेशन नाही.

म्हणून मी नवीन कॅप्टनला सगळ्यात आधी हे सांगते की रोबो बनवणं हे तुझं काम नाही, रोबोचं काम कापून वाटता येईल असं करून ठेवणं हे तुझं काम आहे. कडक की गोड हा प्रश्न त्याच्या नंतरचा, आणि कापणी नीट झाली तर तो फारसा उरत पण नाही.

आता कापायचं म्हणजे काय. "थ्रोइंग तू बघ" हे काम नाही, ती जबाबदारी ढकलणं झालं, कारण ज्याला सांगितलं त्याला उद्या सकाळी उठून नक्की काय करायचं ते माहीत नसतं. "दोन रोलरमधल्या गॅपच्या चार सेटिंग घे, प्रत्येकी वीस थ्रो कर, बॉल कुठे पडला ते टेपने मोजून शीटमध्ये भर, बॅटरीचं व्होल्टेज पण शेजारी लिही, गुरुवारी संध्याकाळी मला दाखव" हे काम आहे. यात झालं म्हणजे काय झालं ते ठरलेलं आहे, कधी ते ठरलेलं आहे, आणि एसवायचा कुठलाही बरा विद्यार्थी हे कोणाला न विचारता करू शकतो. असे तुकडे पाडायला वेळ लागतो, डोकं पण लागतं, एका संध्याकाळी सात-आठ तुकडे पडले तरी खूप झाले. पण हा वेळ तुझाच आहे, वेल्डिंगला घालवू नकोस.

तुकडे पाडले की लगेच दुसरा प्रश्न येतो, ते जुळणार कसे. इथे बऱ्याच टीम आपटतात. मेकॅनिकलवाले मस्त लिफ्ट बनवतात आणि मग कळतं की जिथे मोटर ड्रायव्हर बसणार होते तिथूनच लिफ्टची दोरी जातेय, इलेक्ट्रॉनिक्सवाले पीसीबी (सर्किट बोर्ड) मागवतात आणि त्याची होलं प्लेटला जुळत नाहीत, कनेक्टर एकाचा एक्सटी-६० आणि दुसऱ्याचा भलताच. यावर उपाय कंटाळवाणा आहे. एक ए-फोर कागद, त्यावर प्रत्येक भागाची जागा, होलांचं अंतर, किती व्होल्ट, किती अँपियर, कुठला कनेक्टर, वायर कुठून जाणार, आणि वजन. वजन विसरू नकोस, बऱ्याच वर्षी टीमचे दोन्ही रोबो मिळून ५० किलोची मर्यादा असते आणि ज्या टीमने सुरुवातीला "बेसला इतके, आर्मला इतके, बॅटरी-वायरिंगला इतके" असं वाटून दिलेलं नसतं ती शेवटच्या आठवड्यात ॲल्युमिनियमच्या प्लेटांना चाळणीसारखी होलं पाडत बसते. हा कागद भिंतीवर लाव. त्यात बदल करायचा तर ज्या दोघांच्या कामाला तो बदल लागतो त्या दोघांनी समोरासमोर बोलायचं आणि मग कागदावर लिहायचं, परस्पर नाही.

एफवायवाल्यांना काय देणार असं विचारशील. भरपूर आहे. रूलबुक आणि त्यावर येणारे एफएक्यू रोज बघून बदल सगळ्यांना सांगणारा एक माणूस लागतो, हे काम दिसायला फालतू पण एखादा एफएक्यू नजरेतून सुटला तर अख्खं मेकॅनिझम बाद होऊ शकतं. फील्ड बांधणं आहे, प्लायवूड, रंग, मापं, यात सात-आठ जण आरामात लागतात, आणि अख्खं फील्ड परवडत नसेल तर निदान ज्या भागात पॉइंट मिळतात तेवढं तरी मापाने बांधा. वायर क्रिंप करून लेबल लावणं आहे. बॅटरीचं रजिस्टर आहे, कुठला पॅक कधी चार्ज केला, प्रत्येक सेलचं व्होल्टेज किती, वापरायचा नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवला का. फक्त लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या चार्जिंगला एकट्या एफवायला बसवू नकोस आणि रात्रभर चार्जिंगला लावून कोणी घरी जायचं नाही हा नियम मात्र कडक ठेव, इथे गोडी चालत नाही.

आता निर्णय. कॅप्टनचा निम्मा त्रास यातच आहे आणि तू प्रश्नात याबद्दल काहीच विचारलं नाहीस, म्हणजे थीम (त्या वर्षी रोबोंनी खेळायचा खेळ) आल्यावर भांडणं अजून व्हायचीत. सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे आपण नेमकं कशासाठी खेळतोय. या स्पर्धेत बऱ्याचदा एक झटपट विजय असतो, २०२३ च्या अंगकोर वाटच्या थीममध्ये ठरावीक खांबांवर आपल्या रिंगा वर राहिल्या की 'चेयो', २०२४ च्या 'हार्वेस्ट डे'ला तीन सायलो (धान्याची कोठारं) जिंकले की 'मुआ वांग', तिथेच मॅच खलास. यूट्यूबवर जपान-चीन-व्हिएतनामच्या टीमचे व्हिडिओ बघून आपल्या टीममधल्या हुशार पोरांना पहिल्या दिवसापासून तेच करायचं असतं. त्यात वाईट काही नाही, पण दोन-तीन मिनिटांच्या मॅचमध्ये ज्यांचा रोबो साधे पॉइंट सलग पाच वेळा घेऊ शकत नाही त्यांनी झटपट विजयाचं डिझाइन करणं म्हणजे मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो. मी टीमला पायऱ्या लिहायला लावते, पहिल्या पायरीवर रोबो फक्त चालतो आणि सगळ्यात सोपे पॉइंट दहापैकी नऊ वेळा घेतो, ते झाल्याशिवाय दुसऱ्या पायरीच्या पार्टची ऑर्डर जात नाही. तुमची टीम दरवर्षी पहिल्या आठात असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

बाकीची भांडणं म्हणजे चाकं ओमनी की मेकॅनम, कंट्रोल बोर्ड आर्डुइनो मेगा की एसटीएम-३२, न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर) की मोटर. ही दर वर्षी होतात आणि व्हायलाच हवीत, फक्त त्यांना शेवटची तारीख हवी. माझी पद्धत अशी की ज्याला जो पर्याय हवा त्याने आठवड्यात त्याचं कच्चं मॉडेल करून दाखवायचं, प्लायवूड, पीव्हीसी पाइप, जुन्या रोबोचे मोटर, काहीही चालेल, पण आकडे दाखवायचे, मग सगळ्यांसमोर बोलायचं आणि त्याच मीटिंगमध्ये कॅप्टनने ठरवायचं. वोटिंग घेऊ नकोस, वोटिंगमध्ये ज्याचे रूममेट जास्त तो जिंकतो. का ठरवलं ते दोन ओळींत वहीत लिही. नवीन आकडे आल्याशिवाय तो विषय परत उघडायचा नाही. आणि ज्याचा पर्याय पडला त्याला त्याच दिवशी एखादं वजनदार काम दे, नाहीतर तो हळूहळू बाजूला होतो, किंवा जास्त वाईट म्हणजे राहतो आणि प्रत्येक बिघाडाला "मी तेव्हाच सांगत होतो" म्हणतो.

यात एक कंसातली गोष्ट, आमच्यासारखे माजी लोक. आम्ही रविवारी येतो, "हे असं का केलं" म्हणून नाकं मुरडतो, सोमवारी आपापल्या कंपनीत. आमच्याकडून व्हेंडरचे नंबर घे, बिघाड शोधून घे, थोडे पैसे पण काढून घे, पण ठरवायचं काम आमच्या हाती देऊ नकोस. सरांचं थोडं वेगळं, सेफ्टी आणि पैशांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, डिझाइनमध्ये मात्र बहुतेक सर तुम्हालाच ठरवू देतात, फक्त त्यांना बातमी दुसऱ्याकडून कळता कामा नये.

वेळापत्रकाचं सांगते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा साधारण ऑगस्टमध्ये असते आणि पुढच्या वर्षीचा यजमान देश तेव्हाच आपली थीम पुढे ठेवतो, म्हणजे तुमचं वर्ष गणपतीच्या आसपास सुरू होतं आणि लगेच आयएसई, एमएसई (सेमच्या मधल्या परीक्षा), दिवाळी, ईएसई (सेमच्या शेवटची परीक्षा), सबमिशन असं एकामागून एक येत राहतं. कॅलेंडर घेऊन हे सगळे दिवस आधी खोडून टाक, मग उरलेले दिवस मोज, ते बघून पोटात गोळा येईल, तो आताच आलेला बरा. आमच्या वेळी नॅशनल्स बालेवाडीला, टेम्पोत रोबो टाकला की रात्रीत पोचायचो. अलीकडे दिल्लीला असतात, म्हणजे कोल्हापूरहून तुम्हाला रोबो सोडवून, पेट्यांत भरून, रेल्वेने न्यायचाय, तर प्रवास आणि परत जोडणी धरून रोबो किती दिवस आधी पूर्ण हवा ते उलटं मोजत ये. आणि डिझाइन फ्रीझची तारीख आताच जाहीर कर, त्यानंतर दुरुस्ती चालेल, नवी कल्पना चालणार नाही.

मीटिंगची वेळ हा मला फार महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आहे आणि बहुतेक टीम त्याकडे बघतच नाहीत. "खरं काम रात्री अकरानंतर होतं" अशी एक मर्दुमकी या लॅबमध्ये असते. त्यात होतं काय, मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद झालेलं असतं, कागल-जयसिंगपूर-इचलकरंजीहून एसटीने येणारे घरी गेलेले असतात, आणि निर्णय मात्र रात्रीच्या मॅगीवर झालेले असतात, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना फक्त कळवलं जातं. मग हीच माणसं हळूहळू "इनॅक्टिव्ह" ठरतात. तुझ्या त्या सव्वीस जणांत अशी किती आहेत ते एकदा बघ. नियम साधा ठेव, रात्री हात चालवा, सोल्डरिंग करा, टेस्टिंग करा, पण निर्णय फक्त संध्याकाळी सातच्या आत, सगळे असताना. स्पर्धेच्या तोंडावर हे मोडणार हे मला माहितीय, पण वर्षभर पाळलं गेलं तरी फरक दिसतो.

तसंच डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली पोरं. यांना कॉलेजात थोडं वेगळंच बसवलं जातं, इंग्रजीत बोलायला बिचकतात, प्रेझेंटेशन द्यायला पुढे येत नाहीत, म्हणून टीम निवडताना मागे पडतात. पण यातल्या कितीतरी जणांनी लेथवर हात चालवलेला असतो, टॉलरन्स म्हणजे काय ते पुस्तकातून नाही तर जॉब रिजेक्ट होऊन शिकलेले असतात, आणि उद्यमनगरात जाऊन मशीनवाल्या काकांशी कसं बोलायचं, पार्ट आज संध्याकाळी कसा काढून घ्यायचा हे त्यांना बरोबर जमतं. पुण्यातली टीम पासोड्या विठोबाजवळ जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणेल, मुंबईतली लॅमिंग्टन रोडला जाईल, पण तुमच्यासारखं अख्खं उद्यमनगर हाताशी सगळ्यांना नसतं. निवड करताना मीटिंग मराठीत घे, आणि बोलण्यावरून नाही तर एखादी वस्तू करायला देऊन निवड.

आतापर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर, कामाचे तुकडे, जुळणीचा कागद, निर्णयाला तारीख, आणि मीटिंग अशा वेळी की सगळे येऊ शकतील. एवढं करून दोन महिने बघ. तीसपैकी पंधरा-अठरा जण नियमित यायला लागले तर टीम चांगली चाललीय समज, सगळे तीस येणार नाहीत आणि तेवढ्यांची गरज पण नसते.

राहिलेल्यांचं काय करायचं? फक्त फोटोला आणि सर्टिफिकेटला येणारे असतातच. माझा नियम, सलग दोन तुकडे न करता, न कळवता सोडले की कोअर टीममधून बाहेर. "न कळवता" यावर जोर आहे, घरचं काही असेल, आजारपण असेल, सांगितलं तर विषय संपला. हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांग, आणि प्रत्यक्ष काढायची वेळ आली तर समोर बसवून सांग, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. पहिल्यांदा हा नियम तुझ्या मैत्रिणीला किंवा रूममेटला लागेल, साधारण असंच होतं, आणि तिथे तू डोळेझाक केलीस की उरलेल्या वर्षात तो नियम कोणी मानणार नाही. ग्रुपवर कोणाला झापणं तर अजिबात नको, एकाला बोललेलं तिसांच्या मनात राहतं. कामं पण ग्रुपवर देऊ नकोस, दोन निळ्या टिका दिसल्या म्हणजे काम स्वीकारलं असं होत नाही, भिंतीवरच्या तक्त्यावर त्याच्याच हाताने नाव लिहून घे.

पण तुला जास्त त्रास त्या सव्वीस जणांचा नाही, त्या चार जणांचा होणार आहे. तेच रोबो उभा करतात, त्यांनाच सगळं येतं, आणि त्यांना काम सोडवत नाही. "त्याला शिकवत बसण्यापेक्षा मीच करतो, दहा मिनिटांचं काम आहे." खरंय, दहा मिनिटांचंच आहे. त्याच दहा-दहा मिनिटांमुळे तुमच्या टीममध्ये चारच माणसं तयार झालीत. या चौघांना वेगळं बसवून बोल, त्यांचं कौतुक कर, ते खरंच कष्ट करतात, आणि प्रत्येकाकडे एक ज्युनियर बांधून दे. महिन्यातून एक दिवस असा ठेव की त्या चौघांनी रोबोला हात लावायचा नाही, मोटर जळाली तर ज्युनियर बदलणार, कोड अडकला तर ज्युनियर बघणार, हे फक्त खुर्चीवर बसून बोलणार. पहिल्या वेळी चार तास वाया जातील आणि चौघंही तुझ्यावर चिडतील. चिडू देत.

स्वतः हाताने काम करायचं का? करायचं, पोरांना आपला कॅप्टन फक्त एक्सेलवाला वाटला तर ती ऐकत नाहीत, आणि मुलगी कॅप्टन असेल तर "हिला मशीनमधलं काय कळतं" हे ऐकावं लागतं, ते मी ऐकलंय. म्हणून एक काम स्वतःकडे ठेव, नीट कर, पण असं काम ठेवू नकोस की तू सरांच्या केबिनमध्ये दोन तास अडकलीस तर रोबो थांबेल.

सरांच्या केबिनवरून आठवलं, पैसे. तीन कोटेशन, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, एचओडीची सही, मग प्रिन्सिपल, मग अकाउंट्स, आणि बिल जीएसटीचंच हवं. यात आठवडे जातात आणि मोटर बाहेरून मागवायची असेल तर अजून. एक माणूस फक्त याला दे, आणि तो टेक्निकल टीममधल्यांपेक्षा कमी नाही हे वागण्यातून दाखव, म्हणजे फील्डवरच्या फोटोत तो पण पुढच्या रांगेत. पोरांच्या खिशातून खर्च होत असेल तर रोजच्या रोज वहीत लिही, कारण पैशांवरून फुटलेल्या टीम मी डिझाइनवरून फुटलेल्या टीमपेक्षा जास्त बघितल्यात.

मग रोबो कोण चालवणार, हा शेवटचा मोठा वाद. फायनल इयरवाला म्हणतो माझं शेवटचं वर्ष, कंट्रोलवाला म्हणतो कोड माझा. सीनियॉरिटीने ठरवू नकोस. मैदानात साधारणपणे तिघंच जातात, सेटअपला एक मिनिट मिळतं, त्यामुळे चालवणारा जितका महत्त्वाचा तितकाच शांतपणे वायर लावणारा पण. पाच-सहा जणांना समान वेळ प्रॅक्टिस दे, स्टॉपवॉच लावून प्रत्येक रनचे पॉइंट आणि चुका लिहीत जा, आणि शेवटी ती शीटच सगळ्यांसमोर ठेव. मला असं दिसलंय की सगळ्यात वेगवान चालवणारा निवडला जातो आणि सगळ्यात कमी चुकणारा निवडायला हवा असतो. प्रॅक्टिसमध्ये मुद्दाम घोळ घाला, मधेच बॅटरी काढा, बाजूला आरडाओरडा करा, दुसऱ्याचे कंट्रोलर चालू ठेवा. स्टेडियममध्ये शेकडो ब्लूटूथ आणि वायफाय एकाच वेळी चालू असतात, लॅबमध्ये मक्खन चालणारा पीएस-फोरचा कंट्रोलर तिथे पेअरच होत नाही, वरच्या लाइटमुळे लाइन सेन्सरचं कॅलिब्रेशन बदलतं. यातलं प्रत्येक कोणाच्यातरी नावावर आधीच लिहिलेलं हवं. रिट्राय (रोबो परत पहिल्यापासून सुरू करणं) मागायचा की नाही हे पण एकानेच ठरवायचं, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी ओरडल्या की ती मॅच गेली. आणि हरून पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्तीच्या जागी, आल्यावर पहिली पंधरा मिनिटं कोणाची चूक यावर बोलायचं नाही, फक्त काय तुटलंय आणि पुढच्या मॅचला किती वेळ आहे एवढंच.

पुढच्या वर्षासाठी ठेवायचं काय, कारण थीम तर दरवर्षी बदलते. २०१९ ला मंगोलियाच्या थीममध्ये एका रोबोला चार पायांवर चालायचं होतं, तेव्हा चाकांचं सगळं ज्ञान त्या रोबोपुरतं बाद. पण जरा लांबून बघ, २०१७ ला डिस्क, २०१८ ला शटलकॉकसारखे 'कॉन', २०२१ ला बाण, २०२२ ला भारत यजमान होता तेव्हा लगोरीचे बॉल, २०२३ ला रिंगा, २०२५ ला बास्केटबॉल, म्हणजे फेकणं परत परत येतंच आहे. (लगोरीचं रूलबुक बघून घरी आईला "आता याला पण इंजिनिअरिंग म्हणतात" असं समजावलेलं अजून आठवतं, २००८ ला पुण्यात झालेल्या स्पर्धेची थीम तर चक्क गोविंदाची होती.) तर ते रोलरच्या गॅपचे आकडे, कुठल्या मोटरला कितीवर ड्रायव्हर गरम झाला, कुठल्या व्हेंडरने वेळ पाळली, हे सगळं जपून ठेवायचं. मोठा रिपोर्ट कोणी वाचत नाही. प्रत्येक तुकडा संपला की त्याच माणसाने एक पान लिहायचं, काय केलं, काय चाललं नाही, फाइल कुठे आहे, आणि ते पान आल्याशिवाय तक्त्यावर टिक नाही. कोविडमध्ये २०२० ची फिजीची स्पर्धा नेहमीसारखी झालीच नाही आणि मी बघितलेल्या दोन-तीन टीममध्ये सीनियर निघून गेले, ज्युनियर लॅबमध्ये आलेच नव्हते, आणि परत सगळं पहिल्यापासून. ज्यांच्याकडे अशी पानं होती ते बरेच लवकर उभे राहिले.

आता सीजीपीए. खोटं सांगणार नाही, पडतो, विशेषतः कॅप्टनचा, पण किती पडू द्यायचा ते बरंचसं तुझ्या हातात आहे. तुमच्या कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांचा कटऑफ काय असतो ते टीपीओकडून (प्लेसमेंट ऑफिसरकडून) आजच काढ आणि त्याच्या खाली जायचं नाही हे धरून चाल, कारण इंटरव्ह्यूमध्ये रोबोबद्दल भरभरून बोलता येतं पण त्यासाठी इंटरव्ह्यूपर्यंत पोचावं लागतं. अटेंडन्ससाठी एचओडींना पत्र आत्ताच दे, डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर नाही. ज्याचा बॅकलॉग आहे त्याला त्या सेमला छोटा तुकडा, आणि हा नियम तुलाही. व्हाइस कॅप्टन या आठवड्यात नेम, शक्यतो दुसऱ्या ब्रँचचा, आणि ईएसईच्या दहा दिवस आधी लॅबची किल्ली सरांकडे देऊन टाक, तुझ्या त्या चौघांकडे अजिबात ठेवू नकोस.